‘धंदेवाईक’ हा शब्द शिवी कोणी केला?

आपल्या भाषेत ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ ही दोन विशेषणे पुष्कळ वर्षे एकमेकांसमोर दंड थोपटून उभी आहेत. नाटकमंडळ्यांच्या काळात ती नटांच्या कपाळी चिकटली. गवय्यांना व खेळाडूंनाही त्यांनी सोडले नाही. हौशी म्हटला की तो निर्लोभी, घरंदाज व सुसंस्कृत. धंदेवाईक म्हटला की तो पैशाला विकला गेलेला आणि सभ्य गृहस्थांच्या पंक्तीस बसावयास काहीसा अपात्र, असा अर्थ कोणी न सांगताच मनात उभा राहतो. वकील वकिलीचे पैसे घेतो, डॉक्टर नाडी पाहण्याचे घेतो, प्राध्यापक काव्यातील करुणरस समजावून देण्याचे घेतो. ह्यांपैकी एकालाही धंदेवाईक म्हणून आपण नाक मुरडीत नाही. पायाने चेंडू अडविणाऱ्याने त्या अडविण्याचा मोबदला मागितला म्हणजे मात्र आपली अभिरुची दुखावते. ह्या भेदाच्या मुळाशी नीतीचा अंशही नाही, निव्वळ आढ्यता आहे. आणि त्या आढ्यतेची किंमत आमची मुले भरीत आहेत, एवढेच ह्या लेखात आम्हास सांगावयाचे आहे.

उदाहरणार्थ आमचे मालाडच घ्या. ह्या उपनगराच्या पश्चिमेस ऑर्लेम, खारोडी, मढ ह्या जुन्या वस्त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत फुटबॉल हा खेळ घरच्या बोलीइतका ओळखीचा आहे, आणि आता तर मराठी व गुजराती घरांतील मुलेही त्यात मागे नाहीत. नगीनदास खांडवाला, प्रल्हादराय डालमिया ही महाविद्यालये येथेच आहेत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या दिवसांत संघातील मुलगा हा घरचा अभिमान असतो. त्याचे छायाचित्र दिवाणखान्यात लागते. खेळाबद्दल विद्यापीठाकडून मिळू शकणाऱ्या दहा वाढीव गुणांचा हिशेब आई स्वतः ठेवते. पुढे पदवीचा कागद हाती पडतो, आणि ‘मला ह्यापुढेही खेळावयाचे आहे, खेळूनच पोट भरावयाचे आहे’ असे शब्द त्या मुलाच्या तोंडून निघतात. त्याबरोबर त्याच घरात सुतक पडते. कालपर्यंत जे कौतुक होते ते आज खूळ ठरते, आणि वडील दोनच शब्द उच्चारतात : ‘आता पुरे!’

त्यातून मुलगा फुलबॅक असला तर विचारूच नका. गोल मारणाऱ्याचे नाव निदान वर्तमानपत्रात येते. गोलरक्षकाच्या पुढे, मैदानाच्या उजव्या किंवा डाव्या कडेला उभे राहून प्रतिपक्षाची चढाई मोडून काढणे हे ज्याचे काम, त्याचे यश म्हणजे काही न घडणे! नव्वद मिनिटे त्याने आपली कड सांभाळली, तर प्रेक्षकांस त्याचा चेहराही आठवत नाही. एकदा पाय घसरला की सारे मैदान त्याला ओळखते. घरी आल्यावर आत्या विचारते, ‘गोल किती केलेस?’ आणि तो बिचारा काय सांगणार? कलकत्त्याच्या मोहन बागानचे गोष्ठ पाल हे असेच बचावाचे खेळाडू. गोऱ्या पलटणींच्या संघांसमोर ते असे उभे राहत की लोकांनी त्यांस ‘चीनची भिंत’ म्हणावे. 1962 मध्ये ते पद्मश्री झाले, आणि हा मान मिळविणारे पहिले फुटबॉलपटू ठरले. अडविण्याच्या कलेची चाड असलेला समाज ह्याच देशात होता, एवढे त्यावरून दिसते.

आता आक्षेपकांकडे वळू. त्यांचे म्हणणे तीन प्रकारचे आहे. पहिले असे, की पैसा आला की खेळातील पावित्र्य गेले. विद्यार्थ्याने खेळावे ते आनंदासाठी.

हे वाक्य ऐकावयास गोड आहे, परंतु ते प्रथम कोणाच्या तोंडून निघाले हे पाहिले पाहिजे. इंग्लंडात एफ. ए. कप ही स्पर्धा आरंभी ईटनसारख्या श्रीमंत शाळांतून बाहेर पडलेल्या सद्‌गृहस्थांच्या संघांची मिरास होती. 1883 मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक ह्या कामगारांच्या संघाने ओल्ड ईटोनियन्स ह्या संघास अंतिम सामन्यात हरविले. गिरणीत किंवा कारखान्यात राबणाऱ्या मनुष्याचा सामन्यासाठी एक दिवस बुडाला की त्याची रोजी बुडे. ती भरून देणे म्हणजे भ्रष्टाचार, असे ज्यांना रोजीची चिंताच नव्हती ते म्हणत होते. अखेर 1885 मध्ये तेथील फुटबॉल संघटनेस पैसे घेऊन खेळण्यास मान्यता द्यावी लागली. तात्पर्य, हौस फुकट नसते. तिचे बिल कोणी तरी भरीतच असते. सरदारपुत्राच्या हौशीचे बिल त्याची जमीन भरी, आणि मजुराच्या हौशीचे बिल त्याच्या मुलांच्या पोटाला बसे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. प्रा. दि. ब. देवधर ह्यांच्याविषयी कोणा महाराष्ट्रीयास आदर नाही? 1926 मध्ये एम. सी. सी.च्या संघाविरुद्ध त्यांनी काढलेले शतक आजही अभिमानाने सांगितले जाते. ते पुण्यास सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक होते, आणि म्हणून त्यांस हौशी राहणे शक्य होते. त्यांच्या आधीच्या पिढीतील बाळू पालवणकर मात्र चांभार कुटुंबात जन्मले. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात तुटपुंज्या पगारावर मैदानाची निगा राखावी आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करावी, ही त्यांची नोकरी. त्याच हातांनी 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. एकास पगार संस्कृतचा मिळे, दुसऱ्यास चेंडूचा. ह्या दोहोंत पवित्र कोण व अपवित्र कोण, हे आक्षेपकांनीच सांगावे!

गायनाचीही कथा हीच. पैसे घेऊन गाणारा मनुष्य एके काळी आमच्या सभ्य समाजास हलका वाटे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरास आणि 1908 मध्ये मुंबईस गांधर्व महाविद्यालय काढून गायनविद्येस वर्ग, फी, परीक्षा आणि पदवी दिली. आज तेच सभ्य गृहस्थ मुलीच्या गाण्याची फी आनंदाने भरतात आणि गवय्याची बिदागी ठरविताना त्यास ‘पंडितजी’ म्हणतात. गाणे पैशाने बाटले नाही. उलट पैशाची रीतसर व्यवस्था झाली तेव्हाच गायकाला मान मिळाला.

अमेरिकेचे उदाहरण ह्याहून उद्‌बोधक आहे. तेथील फुटबॉल निराळा. त्यातील फुलबॅक बचाव करीत नाही, चेंडू घेऊन शत्रूची फळी फोडतो. परंतु महाविद्यालयातून थेट धंद्यात जाण्याची वाट तेथे शंभर वर्षांची जुनी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा फुलबॅक अर्नी नेव्हर्स 1926 मध्ये धंदेवाईक झाला, आणि 1929 मध्ये एकाच सामन्यात त्याने एकट्याने 40 गुण मिळविले. तो विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही. मात्र त्याच देशातील विद्यापीठे विद्यार्थी-खेळाडूस पुढेही अनेक दशके हौशीपणाचे प्रवचन ऐकवीत राहिली. प्रेक्षागृहे भरत होती, चित्रवाणीचे हक्क विकले जात होते, प्रशिक्षकांचे पगार लक्षावधी डॉलरांवर गेले होते. निर्लोभी राहण्याचे व्रत फक्त खेळणाऱ्या पोराकडे होते. अखेर न्यायालयात दावे झाले, आणि जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठांस आपल्या खेळाडूंना सरळ पैसे देण्याची मोकळीक मिळाली. दुसऱ्याच्या हौशीवर ज्याचा धंदा चालतो, त्यालाच हौशीपणाचे प्रेम सर्वांत अधिक असते, हा त्यातील धडा आहे.

दुसरे म्हणणे मध्यममार्गी लोकांचे. ते म्हणतात, खेळावे, पण खेळाच्या जोरावर एखादी कायमची नोकरी पटकवावी. रेल्वे आहे, बँका आहेत, सरकारी नोकऱ्यांत प्राविण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. ह्या व्यवस्थेचे उपकार आम्ही नाकारीत नाही. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल अशा आस्थापनांच्या संघांनीच एके काळी मुंबईचा फुटबॉल जगविला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या ह्याच परंपरेतला. वांद्र्याच्या मैदानास आज त्याचे नाव आहे. पण ह्या व्यवस्थेतला विनोद कोणाच्या ध्यानात येत नाही काय? हजेरीपटावर सही करून दुपारी मैदानावर जाणारा कारकून तो हौशी, आणि करारावर सही करून सकाळीच मैदानावर जाणारा तो धंदेवाईक! पैसे दोघेही खेळाचेच घेतात. एकाने त्यावर फायलीचे पांघरूण घातले आहे, इतकाच फरक. शिवाय त्या पांघरुणाची ऊबही आता राहिलेली नाही, कारण आस्थापनांचे ते संघ एकामागून एक मोडले. जी वाट बुजत चालली आहे तिच्याकडे बोट दाखवून मुलाला ‘सुरक्षित जा’ म्हणणे हे शहाणपण कसले?

धंद्याच्या वाटेने गेलेला बचावपटू कोठवर पोहोचतो, ह्याचे उत्तर शोधण्यास परदेशी जावे लागत नाही. राहुल भेके हा 1990 मध्ये मुंबईत जन्मलेला मराठी मुलगा. उजव्या कडेचा फुलबॅक आणि प्रसंगी मधल्या फळीचा बचावपटू, अशा दोन्ही जागा त्याने सांभाळल्या. मुंबई एफ. सी., ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, बेंगळुरू, मुंबई सिटी, एवढ्या संघांचे अंगरखे त्याने घातले. भारताच्या संघातून तो प्रथम खेळला तो जून 2019 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आमच्या घरांतून ज्या वयात ‘अजून काही जमत नाही ना?’ असे विचारून मुलाचा धीर खचवितात, त्या वयात ह्याचा आरंभ झाला.

त्याच वर्षीच्या 17 मार्चची गोष्ट तर प्रत्येक मुंबईकराने स्मरणात ठेवावी. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना अंधेरीच्या मैदानावर होता. मालाडहून ते स्थानक चौथे. बेंगळुरू आणि गोवा हे दोन्ही संघ नव्वद मिनिटे गोलाविना झुंजले. जादा वेळही संपत आली असता, 117 व्या मिनिटास, कॉर्नरवरून आलेल्या चेंडूस भेकेने डोके लावले आणि चषक बेंगळुरूने नेला. मुंबईचा मुलगा, मुंबईचे मैदान, आणि विजय दुसऱ्या शहराचा! पुढे तो मुंबई सिटीकडे आला. 11 एप्रिल 2022 रोजी रियाध येथे इराकच्या हवाई दलाच्या क्लबास ह्या संघाने 2-1 असे हरविले, तो आशियाई चँपियन्स लीगमधील कोणत्याही भारतीय क्लबाचा पहिला विजय. त्यातील निर्णायक गोलही भेकेचाच. आणि 4 मे 2024 रोजी कलकत्त्यास, मोहन बागानच्या अंगणात, मुंबई सिटीने 3-1 ने अंतिम सामना जिंकला तेव्हा संघाचा कर्णधार हाच बचावपटू होता. हा मनुष्य धंदेवाईक आहे. ह्यात हलके काय आहे, ते आम्हास कोणी दाखवून द्यावे.

आता तिसरा आक्षेप. तो सर्वांत बळकट असल्यामुळे आम्ही तो शेवटी ठेविला. बाप म्हणतो, ‘पैसे घेण्यास माझी हरकत नाही, पण ते उद्या मिळतील ह्याचा भरवसा काय?’ ह्या प्रश्नास हसणारा मनुष्य मूर्ख समजावा. 1962 मध्ये स्थापन झालेला आणि 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. 2007 मध्ये निघालेल्या मुंबई एफ. सी.ने 2017 मध्ये गाशा गुंडाळला. पुणे एफ. सी. गेला, आणि पुणे सिटीही 2019 मध्ये गेला. म्हणजे भेकेने ज्या संघांतून घाम गाळला त्यांतील दोन आज अस्तित्वातच नाहीत. एवढ्याने भागले नाही. 2010 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी 700 कोटी रुपयांस जे व्यापारी हक्क विकले होते, त्या कराराची मुदत संपत आली तरी नवा करार ठरला नाही. जुलै 2025 मध्ये सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरूने आपल्या मुख्य संघाचे पगार थांबविल्याचे जाहीर केले. भेके 2024 मध्ये ह्याच संघाकडे परतला होता. देशाच्या संघातून खेळलेल्या मनुष्याची ही अवस्था, तर मालाडच्या महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या फुलबॅकची काय कथा?

बापाचे भय खरे आहे, हे आम्ही मोकळेपणे मान्य करितो. परंतु त्या भयातून तो जो निष्कर्ष काढतो तो सर्वस्वी उलटा आहे. गिरणीमालकाने पगार बुडविला तर दोष विणकराच्या माथी मारावयाचा काय? कापड विणणे हाच मूर्खपणा, असे म्हणावयाचे काय? मुंबईच्या गिरण्यांत 1982 चा संप झाला, गिरण्या बुडाल्या, घरे उद्‌ध्वस्त झाली. पण ‘हौसेखातर विणावयाचे होते’ असे त्या कामगारांस कोणी ऐकविले नाही. फुटबॉलपटूस मात्र आपण नेमके तेच ऐकवितो. ह्याचे कारण उघड आहे. त्याचे काम हे काम आहे, हेच आपण मनातून मान्य केलेले नाही. ज्याला आपण काम मानीत नाही त्याच्या वेतनासाठी आपण भांडतही नाही. आणि कोणी भांडत नाही म्हणून संघमालकास हवे तेव्हा दुकान उघडता येते व हवे तेव्हा फळ्या लावता येतात. खेळाडूंचा धंदा अस्थिर आहे, ह्यात ‘धंदेवाईक’ शब्दास शिवी करणाऱ्या आमच्या सुशिक्षित वर्गाचाही वाटा आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

मग करावे काय? गोष्टी मोजक्याच आहेत. ज्या संघास व्यवसायी स्पर्धेत उतरावयाचे असेल, त्याने हंगामाच्या आरंभी साऱ्या खेळाडूंचे वर्षाचे वेतन त्रयस्थाकडे ठेव म्हणून भरावे. सार्वजनिक बांधकामाच्या ठेकेदाराकडून जी अनामत घेतली जाते, ती फुटबॉलच्या ठेकेदाराकडून घेण्यात अडचण कोणती? पायाची दुखापत हा ह्या व्यवसायातील अपघात समजून उपचारांचा व त्या काळातील पगाराचा बोजा मालकाने उचलावा. विद्यापीठाने दहा गुणांची दक्षिणा देऊन स्वस्थ न बसता, करारबद्ध विद्यार्थ्यास तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाच-सहा वर्षांत सवडीने पुरा करू द्यावा, म्हणजे पदवी की मैदान असा यमप्रश्न विसाव्या वर्षी त्याच्यापुढे उभा राहणार नाही. खेळाडूंनीही एकट्याने तक्रार करण्यापेक्षा संघटित व्हावे. 2006 मध्ये बायचुंग भुतिया ह्यांच्या पुढाकाराने भारतीय फुटबॉलपटूंची संघटना निघालीच आहे, तिला बळ द्यावे.

आणि नगरपालिकेने मैदाने राखावीत. मालाडला आज मुलांस खेळावयाचे झाले तर जाळीने वेढलेल्या कृत्रिम हिरवळीचा तुकडा तासाच्या भाड्याने घ्यावा लागतो. पुऱ्या मापाच्या मैदानावर नावाजलेला सामना पाहावयाचा तर कूपरेजपर्यंत तासाभराचा प्रवास. पाच-पाच गड्यांच्या त्या पिंजऱ्यात चेंडू झटपट खेळविता येतो, पण फुलबॅक तेथे तयार होत नाही. सत्तर यार्ड रुंदीच्या मैदानाची कड कशी सांभाळावी, आपल्या पाठीमागे किती जागा मोकळी आहे हे न पाहता कसे ओळखावे, हे ज्ञान पुऱ्या मैदानावरच मिळते. जागा न देता खेळाडू मागणे म्हणजे विहीर न खणता पोहणारा मागणे होय.

राहता राहिले घर. मुलगा कचेरीत लागला की आपण विचारतो : पगार किती, कायम केव्हा करणार, आजारीपणाची सोय काय, वरिष्ठ कसा आहे? हेच प्रश्न त्याच्या फुटबॉलच्या कराराविषयी विचारण्यास कोणाची मनाई आहे? कराराचा कागद वडिलांनी स्वतः वाचावा, एखाद्या वकील स्नेह्यास दाखवावा, मुदत व दुखापतीची कलमे तपासावीत, आणि कागद खोटा वाटला तर सही करू देऊ नये. हा विरोध विचाराचा होईल आणि मुलगाही तो ऐकेल. कागद न वाचता ‘आता पुरे’ म्हणणे हा मात्र विचार नव्हे. साऱ्याच मुलांनी व्यवसायी व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. शंभरांतील नव्याण्णवांस ती योग्यता नसेल, जशी ती वकिलीतही नसते. शंभरावा कोण हे ठरविण्याची संधी मैदानास मिळावी, दिवाणखान्यातील बैठकीने तो निकाल आधीच लावू नये, एवढेच मागणे आहे. ज्या घरात वडील मुलाला ‘करार किती वर्षांचा?’ असा पहिला प्रश्न विचारतील, त्या घरात धंदेवाईक ह्या शब्दाची शिवी त्या दिवसापुरती तरी संपली, असे समजावयास हरकत नाही.